ज्याचे देणे त्याच्याच हाती: मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) पास्टरेट कमिट्यांना खुले पत्र

मा. पाळकसाहेब, सचिव, खजिनदार आणि पास्टरेट कमिट्यांचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांचे) सर्व सभासद यांना,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

भस्म बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची सुरुवात, जवळ आला की मंडळ्यांच्या कार्यक्रमपत्रिका ठरू लागतात. घरोघरच्या प्रार्थनासभांची यादी लागते, बाहेरगावचे वक्ते ठरतात, गुड फ्रायडेला बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी कोणता कोणाच्या वाट्याला येणार यावरून थोडी रुसवाफुगवी होते. यातले काही बंद करा असे आमचे म्हणणे नाही. त्या पत्रिकेत एक काम आणखी घाला, एवढीच विनंती आहे: या काळात प्रत्येक घराने, आणि कमिटीनेही, माणसांचे जे देणे थकले आहे ते त्या त्या माणसाला पोचते करावे.

आम्ही मंडळ्यांची कीर्द लिहिणारे, हिशेब तपासणारे आणि भांडण पेटले की मधे बसवले जाणारे सभासद आहोत. वह्या चाळताना एक गोष्ट सारखी दिसते. माणसाचे देणे देवाच्या खात्यात भरले जाते. कामवालीचा पगार अडवणारे घर दशमांश वेळेवर देते. भावाच्या वाट्याची जमीन स्वतःच्या नावावर करून घेणारा देवळाला पंखे देतो आणि पंख्यावर आईवडिलांचे नाव घालतो. अशा देणगीची पावती आपण आनंदाने फाडतो, म्हणून हे पत्र सभासदांना न लिहिता तुम्हाला लिहिले आहे.

शास्त्रात याबद्दल संदिग्ध असे काही नाही. मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे. मार्क 7 मध्ये, आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले असे सांगून मोकळे होणाऱ्यांना प्रभूने फटकारले आहे. आणि लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट तर संडे स्कूलच्या मुलांनाही पाठ असते, पण तिच्यातला हिशेब क्वचितच कोणी उलगडून सांगतो. स्वतःहून चूक कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असे गणना 5:7 सांगते. चौपट भरपाई निर्गम 22:1 मध्ये आहे, ती मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. जक्कयाला पाचव्या हिश्श्यात सुटता आले असते. त्याने चोराचा दंड स्वतःला लावून घेतला. अर्धी मालमत्ता गरिबांना, चौपट ज्यांना लुबाडले त्यांना. मंदिराच्या पेटीत काही टाकल्याचा उल्लेख नाही. या घराला तारण झाले आहे हे वाक्य त्यानंतर येते.

आता घरापासून सुरुवात करू. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार कोणत्या तारखेला होतो? लेवीय 19:13 मजुराची मजुरी रात्रभर ठेवू देत नाही. महिन्याच्या पगाराचा करार असेल तर ठरलेली तारीख हीच त्या दिवसाची संध्याकाळ. व्यवहारात काय होते? पाच तारीख सात होते, सातची दहा होते, मग ‘सुटे नव्हते’. काही घरांत तिची बचत व्हावी म्हणून दोनतीन महिन्यांचा पगार मालकीणच ठेवून घेते. हेतू चांगला असेलही, पण तिला दवाखान्यासाठी पैसे लागले की स्वतःचेच पैसे हात पसरून मागावे लागतात. बचत करायची असेल तर तिच्या नावाचे पोस्टातले किंवा बँकेतले खाते उघडून द्या आणि पासबुक तिच्याकडेच राहू द्या.

उचल दिली तर ती लिहा. दोन छोट्या वह्या करा, एक तिच्याकडे आणि एक तुमच्याकडे. दोन्हींत तारीख, रक्कम आणि सही किंवा अंगठा. परतफेड महिन्याला पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका, कारण त्याहून जास्त कापले की महिनाअखेरीस ती पुन्हा उचल मागते आणि ते चक्र कधी सुटत नाही.

नाताळचा हिशेब तर करून बघण्यासारखा आहे. समजा पगार 4,500 रुपये, काम रोज दोन तास, महिन्याचे 26 दिवस. म्हणजे 52 तास, तासाला सुमारे 86 रुपये. नाताळाच्या आठवड्यात करंज्या, शेव, केक आणि घराची साफसफाई यासाठी ती पाच दिवस रोज दोन तास जास्त थांबली तर साडेआठशे रुपयांहून जास्त मजुरी झाली. बहुतेक घरांत तिला फराळाचे ताट आणि एक साडी मिळते, तीही नेसून झालेली. ताट जरूर द्या, पण ते मजुरीत धरू नका. आणि रविवारची सुट्टी? अनुवाद 5:14 मध्ये विसाव्याचा दिवस दास-दासींसाठीही आहे. आपण उपासनेला जातो आणि दुपारच्या बिर्याणीची भांडी घासायला तिला बोलावतो. तिचा धर्म कोणताही असो, ही आज्ञा पाळायची आहे ती आपण.

दुकानदार सभासदांसाठी एवढेच: इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. शिक्क्याची तारीख उलटून गेलेली असताना काट्यावर ‘येशू माझा मेंढपाळ’ असे स्टिकर लावलेले बरे दिसत नाही. खोट्या काट्याचा देवाला वीट आहे असे सांगणारे नीतिसूत्रे 11:1 त्याच काट्याबद्दल आहे.

कमिटीकडे येऊ, कारण इथे आम्हाला जास्त बोलायचे आहे. देवळाचा शिपाई, झाडूवाली, ऑर्गन वाजवणारा, स्मशानभूमीतला खड्डे खणणारा आणि पाळकसाहेब, या सगळ्यांची मजुरी अर्पणातून निघते. अर्पण कमी पडले की आधी काय थांबते ते वहीत पाहा. साउंड सिस्टिमचा हप्ता जातो, कारण दुकानदार फोन करतो. मंडपवाल्याचे बिल जाते, कारण पुढच्या कार्यक्रमाला तो लागणार असतो. थांबतो तो पगार, कारण पगार मागणाऱ्याला ‘विश्वास ठेवा, प्रभू पुरवील’ असे सांगता येते. हे वाक्य देणेकऱ्याने धनकोला ऐकवायचे नसते.

उपाय अवघड नाही. अंदाजपत्रकात खर्चाचा क्रम लिहून ठराव करा: पगार, वीज-पाणी, गरिबांचा निधी, दुरुस्ती आणि शेवटी कार्यक्रम. तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. ती एकदम उभी राहणार नाही. दर महिन्याच्या अर्पणातून विसावा हिस्सा बाजूला काढत गेलात तर काही वर्षांत जमते. त्या खात्यातून दुसरा खर्च करायचा तर साधारण सभेची मंजुरी हवी अशी अट घाला, नाहीतर पहिल्याच रंगकामात ती रक्कम जाईल.

अर्पण मोजण्याची रीत. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी एकट्या माणसाच्या हाती दिली नव्हती. 2 करिंथ 8 मध्ये तीताबरोबर आणखी दोन बंधू पाठवले आहेत आणि कारणही दिले आहे: कोणाला दोष काढायला जागा राहू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते व्हावे. आपल्याकडे मात्र ‘खजिनदारांवर विश्वास नाही का?’ असा प्रश्न आला की सगळे गप्प बसतात. नीट व्यवस्था खजिनदाराला वाचवण्यासाठीच असते. खोट्या आरोपाच्या वेळी त्याच्याकडे दाखवायला सहीचा कागद असतो.

अर्पणाच्या थैल्या वेदीवरून थेट वेस्ट्रीत (वेदीलगतच्या खोलीत) जाव्यात आणि त्याच दिवशी, देऊळ रिकामे व्हायच्या आत मोजल्या जाव्यात. मोजणारे दोघे, एका घरातले नसलेले, आणि दर महिन्याला बदलणारे. खजिनदाराने स्वतः मोजू नये, मोजलेले ताब्यात घ्यावे. पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास, वीस, दहा आणि नाणी असा तपशील छापील चिठ्ठीवर लिहावा. पाकिटावर लिहिलेली रक्कम आणि आत निघालेली रक्कम जुळत नसेल तर तीही नोंद तिथेच करावी. पुढच्या रविवारी आठवत नाही. चिठ्ठीच्या तीन प्रती: एक खजिनदाराला, एक सचिवाला, एक सूचनाफलकावर. रोकड बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी जशीच्या तशी भरायची.

जशीच्या तशी, यातच बहुतेक मंडळ्या घसरतात. उपासना संपते, प्लंबर उभा असतो, त्याला थैलीतूनच आठशे रुपये दिले जातात. उरलेले बँकेत जातात. वर्षअखेरीस पावत्यांची बेरीज आणि बँकेतला भरणा जुळत नाही, आणि कोणी एक रुपया खाल्लेला नसताना सगळ्यांकडे संशयाने पाहिले जाते. यासाठी दोन ते पाच हजारांची किरकोळ रोकड वेगळी ठेवा, संपली की पावत्या लावून चेकने पुन्हा भरा. क्यूआर कोडही तपासा. तो मंडळीच्या खात्याचा आहे की सचिवांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरचा? सोय म्हणून तात्पुरता लावलेला खासगी कोड वर्षभर भिंतीवर राहिलेला असतो.

हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, लिलावाबद्दल न बोललेलेच बरे, पण बोलतो. शंभराचा कोहळा पाचशेला पुकारला जातो, टाळ्या पडतात, आणि ते पाचशे पुढच्या हार्वेस्टपर्यंत येणे बाकी राहतात. होय तर होय, नाही तर नाही, हे वचन लिलावालाही लागू आहे. बोली लावणाऱ्याची नोंद करा आणि एका महिन्याने यादी खजिनदाराने शांतपणे, एकेकट्याला दाखवा. मंडळीसमोर वाचू नका.

खास कारणासाठी आलेली देणगी त्याच कारणाला लावा. छपरासाठी आलेले पैसे नाताळाच्या कार्यक्रमाला वापरून ‘नंतर वळते करू’ असे ठरवले, की ते वळते होत नाहीत. आणि गरिबांना ब्लँकेट वाटताना घेणाऱ्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. वस्तू किती आल्या आणि किती वाटल्या हा आकडा पुरे आहे. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना केडगावला भाकरीबरोबर काम शिकवले: विणकाम, छपाई, शेती. वर्षातून एकदा ब्लँकेट देणाऱ्या मंडळीने शिलाईच्या वर्गाचा खर्च एकदा मांडून पाहावा.

भांडणे आणि मिळकती. जुन्या मिशनच्या जागांना आता भाव आला आहे आणि त्या भावाने मंडळ्या दुभंगल्या आहेत. नेहमी घडते ते असे. निवडणूक होते, हरलेला गट निकाल मानत नाही, दोन्ही गट धर्मादाय कार्यालयात आपापला बदल अर्ज दाखल करतात. बँक कोणाच्या सह्या मानायच्या म्हणून खाते गोठवते. मग पहिला फटका पुन्हा त्याच शिपायाला आणि पाळकांना बसतो. कायद्याप्रमाणे विश्वस्तांतला बदल 90 दिवसांच्या आत कळवायचा असतो. कित्येक मंडळ्यांनी तो वर्षानुवर्षे कळवलेला नसतो, त्यामुळे कागदोपत्री विश्वस्त म्हणून मृतांची नावे असतात आणि भांडणाला तयार जागा मिळते. मिळकत विकायची, किंवा इमारत वा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अकरा महिन्यांचा करार पुन्हा पुन्हा करून वीस वर्षे एकाच माणसाला जागा देणे ही त्यातली पळवाट आहे हे सगळ्यांना कळते.

1 करिंथ 6 (भावाने भावाला न्यायालयात खेचू नये) सगळ्यांना पाठ आहे, आणि दोन्ही गट ते दुसऱ्याला ऐकवतात. त्याऐवजी मत्तय 18 ची पायरी खरोखर वापरून पाहा. पहिली पायरी दोघांनी एकांतात भेटण्याची आहे. व्हॉट्सअॅपवर ‘काही लोकांना’ म्हणून लिहिलेली पोस्ट ही पहिली पायरी नव्हे. दुसऱ्या पायरीला न्यायचे एकदोन साक्षीदार तुमच्या गटातले नकोत, दोघांनाही चालतील असे हवेत. शेजारच्या मंडळीतले वडील सर्वात उत्तम. त्या बैठकीत काय ठरले ते अर्ध्या पानात लिहून सह्या घ्या, आणि अंमलबजावणीची तारीख घाला. तारखेवाचून झालेला समेट फार काळ टिकत नाही. मंडळीपुढे प्रकरण नेणे ही तिसरी पायरी आहे, आणि आपण बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतो.

मात्र एक सीमा आहे आणि ती ठळक आखायला हवी. नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला समेटाच्या बैठकीत बसवून ‘सत्तर वेळा सात’ क्षमा कर हे वचन ऐकवू नका. क्षमा करायची की नाही, केव्हा करायची, हे तिचे आणि देवाचे बोलणे आहे. कमिटीने द्यायचे ते सुरक्षित घर, दवाखान्यात सोबत, 181 हा महिलांच्या मदतीचा नंबर आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याची माहिती. मुलांच्या लैंगिक शोषणाबाबत तर कमिटीला पर्यायच नाही. पोक्सो कायदा 2012, कलम 19: ज्याला माहिती आहे त्याने पोलिसांना कळवायचे. न कळवणे हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अंतर्गत चौकशी, मंडळीची बदनामी, आरोपीचा पश्चात्ताप, यांपैकी काहीही पोलिसांच्या आधी येत नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर संडे स्कूलच्या खोलीत मुलांच्या उंचीवर चिकटवा.

जातीबद्दल थोडे, कारण तेही एक थकलेले देणे आहे. नगरकडच्या मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजातून उभ्या राहिल्या, वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी असे समूह आहेत, आणि प्रभुभोजनाच्या एका प्याल्याला ओठ लावणारी कुटुंबे मुलीचे स्थळ पाहताना पूर्वजांची जात विचारतात. कमिटीला कोणाचे लग्न ठरवता येत नाही. पण मंडळीच्या विवाहमंडळाच्या फॉर्ममध्ये ‘मूळ समाज’ हा रकाना असेल तर तो काढता येतो, आणि ते एका बैठकीचे काम आहे.

याच संदर्भात एक नाजूक बाब. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. म्हणून काही कुटुंबे उपासनेला येतात पण कागदावर धर्म बदलत नाहीत आणि बाप्तिस्मा लांबवतात. त्यांना वेदीवरून ‘लपलेले विश्वासी’ म्हणून टोमणे मारले जातात. टोमणा मारणाऱ्याचा जातीचा दाखला जायचा नसतो, मुलाची शिष्यवृत्तीही बुडायची नसते. खरेपणाची अपेक्षा ठेवायचीच असेल तर मंडळीने आधी त्या मुलाच्या फीचा हिशेब हातात घ्यावा, मग बोलावे.

आता हे सगळे चाळीस दिवसांत बसवायचे कसे? पहिल्या आठवड्यात प्रत्येक घराला एक कोरा कागद द्या. त्यावर घरातल्यांनी बसून लिहायचे: कोणाचे पैसे, वस्तू, जमीन, पगार किंवा दिलेला शब्द आपल्याकडे अडकला आहे. कागद घरीच राहील, तो मंडळीत आणायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लहान देणी फेडायची. पुस्तक, भांडे, दोनशे रुपये. ही आधी फेडावीत, कारण मोठ्या देण्यापर्यंत पोचायचे धाडस त्यातूनच येते. मोठ्या देण्याला एकदम पैसे नसतील तर हप्त्याचा कागद करून द्या. रक्कम किती द्यायची? गणना 5:7 चा पाचवा हिस्सा हे चांगले माप आहे: पाच हजार थकले असतील तर सहा हजार. जमीन असेल तर वकिलाकडे एकटे जाऊ नका, भावाला बरोबर न्या.

ज्याचे देणे तो वारला असेल तर वारसांना द्यायचे. वारसही सापडत नसतील तरच, गणना 5:8 च्या धर्तीवर, ते मंडळीकडे यावे, आणि तेव्हा ते गरिबांच्या निधीत जमा व्हावे, इमारत निधीत नव्हे. खजिनदाराने अशी रक्कम घेताना एकच प्रश्न विचारावा: ‘तो माणूस खरेच सापडत नाही का?’ या प्रश्नावर बऱ्याच पाकिटांचा पत्ता बदलेल आणि मंडळीचे उत्पन्न त्या महिन्यात थोडे कमी दिसेल. दिसू द्या.

झावळ्यांच्या रविवारी कमिटीने स्वतःची यादी फलकावर लावावी: कोणाचे किती पगार थकले होते, किती दिले, किती राहिले, कोणत्या तारखेला देणार. घरांच्या याद्या खासगी, कमिटीची उघडी. कारण कमिटीकडचा पैसा तिचा स्वतःचा नाही. पवित्र गुरुवारच्या प्रभुभोजनाला कोणी ‘अजून एक घर राहिले आहे’ म्हणून आला नाही, तर त्याचे नाव गैरहजेरीत लिहू नका.

ठराव करणार असाल तर एक अट त्यातच लिहा: या कामाचा अहवाल सिनॉडला किंवा डायोसिसला (मंडळ्यांच्या वरच्या संस्थांना) पाठवताना ‘इतक्या कुटुंबांनी समेट केला’ असा आकडा द्यायचा नाही. आकडा मागितला की मंडळ्यांची चढाओढ लागेल, आणि पाळकसाहेब घरोघरी जाऊन समेट गोळा करू लागतील.

आपले,
काही मंडळ्यांचे हिशेब आणि भांडणे पाहणारे सभासद